बैठकीतला दिवा स्वतः बदलू का?

प्रश्न : आमचे घर अमळनेर तालुक्यातील एका गावात आहे. घर जुने, धाब्याचे. बैठकीच्या मधोमध छताला लाकडी गोल ब्लॉकवर बसवलेला जुना होल्डर आहे. त्यात मी एलईडी बल्ब लावला, तर बटण बंद केल्यावरही रात्री तो मंद मिणमिणत राहतो. दिराच्या साखरपुड्याआधी तेथे जळगावहून आणलेला पत्र्याच्या बॉडीचा गोल एलईडी दिवा बसवायचा आहे. वायरमनला निरोप पाठवून थकले. ‘उद्या येतो’ यापलीकडे उत्तर नाही. पती नोकरीनिमित्त सुरतेला असतात. व्हिडिओ पाहून मला हे काम जमण्यासारखे वाटते, पण सासूबाई म्हणतात, ‘तू लाईटले हात लाऊ नको.’ मेन स्विच लोखंडी पेटीतला, जुन्या किटकॅट फ्यूजचा आहे. घरात इन्व्हर्टरही आहे. लाईट गेलेली असताना काम उरकून घेतले तर चालेल का? आणि हे काम स्वतः करणे कायद्यात बसते का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, कायद्याचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर थोडक्यात देता येते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमानुसार वीजमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागे. मात्र दिवे, पंखे, फ्यूज, बटणे आणि फिटिंग यांची, मांडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलणारी बदली त्यातून वगळलेली होती. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षेचे विनियम केले, तेव्हाही ही सवलत कायम ठेवली. म्हणजे आहे त्या जागी, आहे त्याच तारांवर जुना होल्डर काढून नवा दिवा बसवणे तुम्हाला मना नाही. नवा पॉइंट काढणे, तार लांबवणे किंवा बोर्ड हलवणे हे मात्र परवानाधारकाचे काम आहे. कायद्याने मुभा दिली म्हणून तुमच्या घरातील तो विशिष्ट पॉइंट हात लावण्याजोगा ठरत नाही, आणि माझी खरी काळजी तेथूनच सुरू होते.

या कामात स्क्रू काढणे आणि स्क्रू बसवणे हा भाग किरकोळ आहे. व्हिडिओत तोच दाखवतात, कारण तोच डोळ्यांना दिसतो. छतातून लोंबणाऱ्या त्या दोन तारांमध्ये या क्षणी वीज नाही, हे खात्रीने ठरवणे हे खरे काम होय, आणि जुन्या घरात ते वाटते तितके सरळ नसते.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही सहज लिहून गेला आहात : बटण बंद केल्यावरही बल्ब मिणमिणतो. दिव्याचे बटण फेजच्या, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या, तारेवर असायला हवे, म्हणजे ते बंद केल्यावर होल्डरपर्यंत फेज पोहोचतच नाही. जुन्या वायरिंगमध्ये अनेक ठिकाणी बटण चुकून न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, बसवलेले आढळते. तसे असेल तर बटण बंद केल्यावर दिवा विझतो, पण फेज होल्डरमध्ये रात्रंदिवस उभा राहतो. शेजारून जाणाऱ्या तारेतून किंवा ओलसर भिंतीतून जो अगदी क्षीण प्रवाह वाट काढतो, तेवढ्यावरही एलईडी अधूनमधून उजळू शकतो. तारेच्या जुन्या पिवळ्या बल्बला तेवढ्या प्रवाहाचा पत्ताही लागत नसे, म्हणून हा दोष वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. मिणमिणण्याची इतर कारणेही असतात. बटणात लाल इंडिकेटर असेल किंवा दोन तारा लांबपर्यंत एकमेकींना चिकटून गेल्या असतील, तरी असेच होते. तुमच्याकडे यांपैकी काय घडले आहे, ते दुरून सांगता येणार नाही. पण तुम्ही कसे वागावे ते तिन्ही बाबतींत सारखेच आहे. केवळ बटण बंद करून त्या होल्डरला हात लावू नका.

आता वीज गेलेली असताना काम उरकण्याचा विचार. तो पूर्णपणे सोडून द्यावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्याकडे खेड्यापाड्यांत वीज जाते ती वेळ सांगून नव्हे, आणि येते तीही वेळ सांगून नव्हे. तुम्ही घोड्यावर उभ्या असताना, दोन्ही हातांत उघड्या तारा असताना ती येऊ शकते. तुमच्या घरी तर याहून मोठी गोम आहे. वीज गेली की इन्व्हर्टर चालू होतो, आणि बैठकीचा दिवा बहुधा इन्व्हर्टरच्याच लाइनवर घेतलेला असतो. म्हणजे गावभर अंधार असताना नेमकी ती तार तुमच्या घरात जिवंत असते. बॅटरी १२ व्होल्टची असते म्हणून काही जण निर्धास्त राहतात. परंतु इन्व्हर्टर त्याच १२ व्होल्टपासून महावितरणच्या पुरवठ्यासारखाच सुमारे २३० व्होल्टचा दाब तयार करतो, आणि त्याचा झटका तितकाच जीवघेणा असतो.

मेन स्विच खाली पाडला तरी हीच गत होते. इन्व्हर्टरला वाटते की वीज गेली, आणि तो क्षणार्धात बॅटरीवरून पुरवठा सुरू करतो. उलट केवळ इन्व्हर्टरचे पुढचे बटण बंद केले आणि मेन चालू ठेवला, तर पुष्कळशा इन्व्हर्टरमधून महावितरणची वीज सरळ पुढे जात राहते. म्हणून दोन्ही गोष्टी करायच्या : आधी इन्व्हर्टरचे पुढचे बटण बंद करावे, मग मेनचा दांडा खाली ओढावा, आणि त्यानंतर इन्व्हर्टरचा प्लग सॉकेटमधून काढून बाजूला ठेवावा. धाब्यावर सौर पॅनेल बसवले असेल आणि त्याला बॅटरी जोडलेली असेल, तर तोही पुरवठा वेगळा बंद करावा लागेल.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या, आणि ती सासूबाईंनाच माहीत असण्याची शक्यता अधिक आहे. मोठ्या जुन्या घरांच्या भाऊबंदांत वाटण्या होतात, मधे भिंत पडते, मीटर दोन होतात. पण छताच्या कडीवरून गेलेली जुनी वायरिंग कुणी बदलत नाही. मग आपल्या बैठकीतला एखादा पॉइंट चुलतसासऱ्यांच्या मीटरवर राहून जातो, आणि आपला मेन पाडूनही तो चालूच राहतो. तुमच्या घराची अशी वाटणी झालेली असेल, तर हे काम नवशिक्याने हाती घेऊ नये.

मेन पाडल्यावर पेटीतील किटकॅट फ्यूज बाहेर काढून स्वतःजवळ ठेवा, म्हणजे कुणी दांडा वर केला तरी वीज पुढे जाणार नाही. एवढे करूनही मेनजवळ माणूस हवाच, आणि त्यासाठी सासूबाईंइतके योग्य कुणी नाही. त्यांना तेथे खुर्ची टाकून बसवा आणि सांगा की टीव्ही लागत नाही म्हणून शाळेतून आलेली मुले किंवा शेजारचे कुणी मेनला हात लावू लागले, तर लावू द्यायचा नाही. त्यांची काळजी रास्त आहे. तिला या कामात जागा द्यावी. त्यांना हेही समजावून ठेवा की कधी कुणाला विजेचा धक्का बसलाच, तर त्या माणसाला धरून ओढायचे नाही. आधी मेन पाडायचा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला तारेपासून दूर करायचे, आणि १०८ वर फोन करायचा. मीटरला, त्याच्या सीलला आणि खांबावरून मीटरपर्यंत येणाऱ्या सर्व्हिस वायरला कोणत्याही कारणाने हात लावू नये. तेथे काही बिघाड दिसला तर १९१२ वर तक्रार नोंदवावी.

वीज बंद झाल्याची खात्री टेस्टरने करावी, पण टेस्टरवरही आंधळा विश्वास ठेवू नये. मेन पाडण्याआधी तो चालू सॉकेटमध्ये घालून, मागच्या टोपीवर बोट ठेवून, त्यातला दिवा लागतो का हे पाहून घ्या. न लागणारा टेस्टर वीज नसल्याचे सांगत नसतो, तो स्वतः बिघडलेला असतो. भर दुपारी दार उघडे असेल तर त्याचा तांबूस उजेड दिसतही नाही. तळहाताची सावली धरून पाहावे लागते. याखेरीज एक साधी युक्ती आहे. जुन्या होल्डरमधील बल्ब काढण्याआधी बैठकीचे बटण चालूच ठेवा, बल्ब लागलेला असताना इन्व्हर्टर आणि मेन क्रमाने बंद करा, आणि बल्ब विझल्याचे डोळ्यांनी पाहा. त्यानंतर होल्डर उघडून आतल्या दोन्ही स्क्रूंना टेस्टर लावा. एकावर जरी उजेड दिसला, अगदी मंद दिसला तरी, होल्डर बंद करून खाली उतरा.

उंचीचा विचार विजेइतकाच गंभीर आहे. अशा कामात लहानसा झटका बसला तरी माणूस दचकतो, तोल जातो आणि खरी इजा पडल्यामुळे होते. खाटेवर स्टूल आणि स्टुलावर प्लॅस्टिकची खुर्ची, असे मनोरे रचू नका. चारी पाय जमिनीवर पक्के टेकणारा लाकडी घोडा कुणाकडून तरी मागून आणा. लोखंडी घोडा अशा कामाला टाळावा. पायांत कोरडी रबरी चप्पल असावी. अंगठी आणि धातूच्या पाटल्या उतरवून ठेवा, मंगळसूत्र आत घ्या, पदर खोचून घ्या. काम सकाळी उन्हे तापण्याआधी करावे, कारण मेन बंद असल्यावर पंखा फिरत नाही, आणि भुसावळ-जळगावच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेलेला असताना घामाने भिजलेली कातडी विजेला फारच कमी अडथळा करते.

आता होल्डर उघडण्याबद्दल. बल्ब काढा, होल्डरची टोपी फिरवून सोडवा आणि कशालाही हात लावण्यापूर्वी मोबाइलने फोटो काढा. आत काय दिसते, त्यावर पुढचा निर्णय ठरतो. नशीब चांगले असेल तर प्लॅस्टिकच्या आवरणाच्या दोन तांब्याच्या तारा दिसतील. आवरण मऊ, अखंड, बोटाने वाकवल्यावर न तडकणारे असेल आणि लाकडी ब्लॉक खडखडीत कोरडा असेल, तर पुढे जायला हरकत नाही. परंतु फार जुन्या वायरिंगमध्ये रबराचे आवरण आणि त्यावर सुताची वीण असलेल्या तारा असतात. धुराने त्या काळ्या पडलेल्या असतात, आणि बोट लागताच रबराचा भुगा होऊन उघडा धातू हातात येतो. तसे दिसले तर तेथेच थांबा. धातू पांढरा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा असेल तरी थांबा, कारण ती तार दोनदा वाकवली की तुटते आणि तांब्याला पीळ देऊन जोडली की सांधा काही काळाने गरम होऊ लागतो. पावसाळ्यात धाबे त्या बाजूला गळत असेल, लाकडावर डाग किंवा स्क्रूवर हिरवट बुरशी दिसत असेल, तरीही थांबा. दोनऐवजी तीन-चार तारा दिसल्या, तर त्याच होल्डरवरून पुढच्या खोलीला लाइन गेलेली असते; त्या तारा कोणती कुठली हे न कळता सुटल्या, तर पुढच्या खोलीचा दिवा आणि पंखा दोन्ही बंद पडतील. थांबणे म्हणजे टोपी पुन्हा घट्ट बसवणे. ते शक्य नसेल, तर प्रत्येक तारेचे टोक वेगवेगळे टेपने गुंडाळून त्या लाइनचा फ्यूज वायरमन येईपर्यंत बाहेरच ठेवावा.

तुम्ही आणलेल्या दिव्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पत्र्याची बॉडी असलेल्या दिव्याला हिरवी अर्थिंगची तार लागते. आतमध्ये एखादी तार सुटून पत्र्याला लागली, तर त्या अर्थिंगमुळे फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर सगळा पत्राच जिवंत होतो, आणि पुढच्या दिवाळीला जळमटे काढायला चढलेल्या माणसाला ते कळते. जुन्या घरांत दिव्याच्या पॉइंटपर्यंत अर्थिंग सहसा आणलेलेच नसते. अर्थिंग नाही म्हणून ती तार न्यूट्रलला जोडण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो कदापि मानू नका. होल्डरमध्ये दोनच तारा असतील, तर दिवा खोक्यासह दुकानात परत नेऊन प्लॅस्टिकच्या बॉडीचा, एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह छापलेला दिवा घ्या. त्या चिन्हाचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन असा आहे आणि अशा दिव्याला अर्थिंगची गरज नसते. दिवा छताला वरून बसणारा हवा. स्प्रिंगच्या कानांचा दिवा फॉल सीलिंगच्या भोकात बसवण्यासाठी असतो. वॉटचा विचार करताना एवढे लक्षात घ्या की पांढरा स्लॅब उजेड परत फेकतो, काळवंडलेल्या कड्या तो गिळून टाकतात. म्हणून शहरातल्या खोलीला १५ वॉट पुरत असतील, तर तुमच्या बैठकीला २० वॉटचा घ्यावा. त्याने वायरिंगवर भार वाढेल अशी धास्ती नको. २० वॉटचा एलईडी पाव अँपिअरही ओढत नाही.

बसवताना दिव्याची पट्टी थेट सऱ्याला किंवा जाड कडीलाच स्क्रूने पक्की करावी, मधल्या पातळ फळीला नव्हे. लाकूड वाळवीने पोकळ झालेले नाही ना, हे आधी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहावे. हातोडा वापरू नये, धाब्याची माती डोळ्यांत येते. (स्लॅबचे घर असलेल्या वाचकांना येथे ड्रिलने भोक पाडून गिट्टी ठोकावी लागेल, आणि पीओपीचे छत असेल तर दिव्याचे वजन बोर्डावर न टाकता आतल्या पत्र्याच्या चॅनेलवर घ्यावे लागेल.) तारेचे टोक साधारण ८ ते १० मिलिमीटर सोलावे, तांब्याच्या केसांना पीळ द्यावा आणि ते कनेक्टरच्या स्क्रूखाली असे दाबावे की बाहेर तांबे दिसता कामा नये. नंतर प्रत्येक तार हलकेच ओढून पाहावी. सुटायची असेल तर ती आत्ताच सुटलेली बरी. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळण्याची आपल्याकडची पद्धत मला पसंत नाही. धाब्याखालच्या उन्हाळ्यात त्या टेपचा डिंक पातळ होतो आणि टेप उलगडून लोंबू लागते.

सर्व झाल्यावर फ्यूज बसवा, पेटीच्या बाजूला उभे राहून मेन वर करा, मग इन्व्हर्टरचा प्लग आणि त्याचे बटण चालू करून दिवा लावा. फ्यूज उडाला तर जाड तार घालून पुन्हा प्रयत्न करू नका. तो उडाला याचा अर्थ जोडणीत चूक आहे आणि त्याने आपले काम केले आहे. नवा दिवाही बटण बंद केल्यावर मिणमिणला, तर दिवा सदोष आहे असे समजून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. तो दोष बटणात किंवा वायरिंगमध्ये आहे आणि दिवा बदलल्याने तो जाणारा नव्हता.

म्हणूनच वायरमनला आता ‘दिवा बसवायचा आहे’ एवढाच निरोप न देता, ‘बटणावर न्यूट्रल आला आहे का ते पाहून फेज बटणावर घ्यायचा आहे, आणि मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचा आहे’ असा नेमका निरोप द्या. एका दिव्यासाठी तो येत नसेल. एवढ्या कामासाठी येईल. आरसीसीबी म्हणजे फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, तर निमिषार्धात वीज तोडणारे साधन. शरीरातून जमिनीकडे वीज जाऊ लागली की तो पडतो. किटकॅट फ्यूज हे काम करूच शकत नाही, तो तारा जळू नयेत म्हणून असतो. मात्र कुणी एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला, तर आरसीसीबीला तो माणूस साध्या बल्बसारखाच दिसतो आणि वीज तुटत नाही, हे आरसीसीबी बसवल्यानंतरही घरात सर्वांना सांगून ठेवावे. इन्व्हर्टरवरच्या लाइनला हे संरक्षण मिळते की नाही, तेही वायरमनला समोर उभे राहून विचारा.

साखरपुडा त्याआधीच येऊन ठेपला, किंवा होल्डर उघडल्यावर वर सांगितलेल्यांपैकी काही दिसले, तर छताला हात न लावता दुकानातून थ्री-पिन प्लगची तयार एलईडी ट्यूब आणून भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवा आणि जवळच्या सॉकेटमध्ये लावा. पाहुण्यांना पुरेल एवढा उजेड तिचा पडतो, आणि कार्य उरकल्यावर ती स्वयंपाकघरात ओट्यावर उपयोगी येते.